डावी पापणी

समोरच्या खुर्चीत शकुंतला मगदूम बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, जरा वरच्या अंगाला, आणखी एक शकुंतला मगदूम बसल्या होत्या. दोघींनी एकाच वेळी चहाचा कप उचलला, एकाच वेळी फुंकर घातली आणि वीज मंडळात मी नेमकं काय काम करत होतो, असं एकाच आवाजात विचारलं. मी डावीकडच्या बाईंकडे बघून सविस्तर उत्तर दिलं. थकबाकी वसुलीची माझी सगळी कारकीर्द सांगून झाली, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की खऱ्या बाई उजवीकडच्या आहेत.

ही आमची पहिलीच भेट. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका उडुपी हॉटेलात, दुपारच्या चहाच्या वेळी. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो. माझी पत्नी प्रमिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी ऋजुता लग्न होऊन साताऱ्याला होती, आणि सांगलीच्या घरात मी आणि टीव्ही असे दोघंच राहत होतो. मगदूमबाई मिरजेच्या. मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्याही एकट्याच. आमची गाठ घालून दिली ती उतारवयातल्या माणसांना जोडीदार सुचवणाऱ्या एका मंडळानं. ते चालवायचे काशीनाथ बेडगे म्हणून एक खटपटे गृहस्थ.

या बेडग्यांनीच माझं डोकं फिरवलं. त्याआधी त्यांनी मला दोन ठिकाणं सुचवली होती आणि दोन्हीकडून नकार आला होता. कारण विचारलं तर आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले की, साहेब, रागावू नका, पण तुमच्या दोन भुवयांच्या मधे त्या ज्या उभ्या आठ्या आहेत ना, त्यांनी सगळा घोटाळा होतो. फोटोत तुम्ही कनेक्शन तोडायला आल्यासारखे दिसता.

त्यात खोटं काही नव्हतं. आयुष्यभर मी थकबाकीदारांच्या दारात उभा राहिलो. तिथं हसून चालत नाही. आठ्या नोकरीत पडल्या आणि निवृत्तीनंतरही हजर राहिल्या. मी आनंदात असलो तरी समोरचा माणूस दोन पावलं मागं सरकून उभा राहायचा. ऋजुता लहानपणी मला विचारायची की बाबा, तुम्ही रागावलात की तुमचा चेहराच तसा आहे.

माझे फिरायला जायचे सोबती आप्पा चौगुले यांच्या सुनेनं उपाय सुचवला. सांगलीतच एक नवीन स्किन क्लिनिक झालं होतं. भुवयांच्या मधे बारीक सुईनं चार-दोन टोचे मारतात, त्यानं तिथले स्नायू ढिले पडतात, आठी पडायचीच बंद होते. बोटॉक्स म्हणतात त्याला. तिच्या मावशीनं केलं होतं आणि मावशी म्हणे आता जाऊबाईंच्या मुलीची बहीण वाटते. मी ऋजुताला काही बोललो नाही. मंडळात नाव घातलंय हेही तिला ठाऊक नव्हतं. बापानं या वयात बायको शोधावी आणि तिच्यासाठी कपाळाला सुया टोचून घ्याव्यात, या दोन गोष्टी मुलीला कोणत्या क्रमानं सांगायच्या तेच मला कळत नव्हतं.

क्लिनिकमधली डॉक्टर तरुण होती आणि आपल्या कामाला पक्की होती. टोचायच्या आधी तिनं सगळं समजावून सांगितलं. पुढचे काही तास आडवं व्हायचं नाही, खाली वाकायचं नाही आणि कपाळ अजिबात चोळायचं नाही. औषध भलतीकडे पसरलं तर पापणी खाली येऊ शकते. मी मान डोलावत होतो. खरं तर माझं सगळं लक्ष सुईकडे होतं. आठ्या गेल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्याही भरून काढू असं ती म्हणाली. त्याला फिलर म्हणतात, सुईनं आत पातळसर जेली भरतात. मी त्याचीही वेळ ठरवून टाकली. एकदा काम काढलंच आहे तर अर्धवट कशाला, असा माझा जुना सरकारी हिशोब.

बाहेर आलो तर कपाळ जड वाटत होतं. वाटेत सदाशिवचं सलून लागलं. सदाशिव माझा नेहमीचा. दाढी झाल्यावर मी सवयीनं मान मागं टेकवली आणि म्हणालो, आज जरा कपाळावर जोर दे. सदाशिव तालमीतला माणूस. त्यानं दोन्ही अंगठे माझ्या भुवयांच्या मधे रोवले आणि कणीक मळावी तसं कपाळ मळून काढलं. फार बरं वाटलं.

पहिले काही दिवस मी स्वतःवरच खूश होतो. आठ्या हळूहळू मिटल्या. कपाळ इस्त्री केल्यासारखं झालं. आरशात बघून मी मुद्दाम रागावायचा प्रयत्न केला, तर भुवया जागच्या हलेनात. मगदूमबाईंची भेट ज्या दिवशी ठरली होती, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र आरशात बघतो तो डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी अर्ध्यावर उतरलेली. बोटानं वर केली की राहायची, बोट काढलं की खाली. मान ताठ ठेवली तर डाव्या डोळ्यापुढं पडदा यायचा. हनुवटी वर करून पापणीच्या खालून बघितलं तर पडदा जायचा, पण मग प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसायची.

क्लिनिकला फोन केला. डॉक्टर म्हणाली ताबडतोब येऊन दाखवा. मी म्हटलं परवा येतो, उद्या महत्त्वाचं काम आहे. आणि एक काळसर काचांचा चष्मा विकत घेऊन भेटीला गेलो.

हॉटेलात मी ठरवलं होतं की हनुवटी वर ठेवायची. बाई दोन दिसल्या तरी चालतील, पण पडद्याआडून बघायचं नाही. त्यामुळं मी सबंध वेळ त्यांच्याशी एखाद्या पुतळ्यासारखा आकाशाकडे तोंड करून बोलत होतो. साखर घालायला गेलो आणि चमचाभर साखर टेबलावर ओतली, कारण कप तिथं नव्हताच. बाईंनी बघितलं, काही म्हणाल्या नाहीत. चष्मा घसरायचा, आणि तो घसरला की माझी ती डावी पापणी उघडी पडायची. गल्ल्याजवळ एक पोक्त वाढपी उभा होता. त्याला वाटलं मी डोळ्यानं खूण करतोय. तो येऊन भजी ठेवून गेला. थोड्या वेळानं चष्मा पुन्हा घसरला, तो आणखी एक प्लेट घेऊन आला आणि माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसला.

पुढं पुष्कळ दिवसांनी बाईंनी मला सांगितलं की, सुरुवातीला त्यांना वाटलं हा माणूस आपल्याला डोळा मारतोय. उठून जावं असा त्यांचा विचार चालला होता. पण इतका वेळ एकच डोळा मारत राहणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, म्हणून त्या थांबल्या आणि नीट बघायला लागल्या.

"चष्मा काढा," त्या म्हणाल्या.

आवाज असा होता की वर्गात कुणी लपवलेली चिठ्ठी टेबलावर आणून ठेवावी. मी चष्मा काढला. त्यांचा चेहरा बदललेला मला दोन्ही ठिकाणी दिसला.

"कधीपासून?"

मी म्हटलं, काल सकाळपासून. विशेष काही नाही, थकवा असेल.

थकवा हा शब्द ऐकल्याबरोबर त्या ताडकन उठल्या. मला म्हणाल्या दोन्ही हात वर करा. मी केले. तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता सांगा. मी हात वर धरून खणखणीत आवाजात सांगितलं, भालचंद्र दत्तात्रय कोष्टी, आणि पुढं कॉलनीचा पत्ता. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब खायचं थांबलं. वाढपी धावत बिल घेऊन आला. बाईंनी त्याच्या हातात नोटा कोंबल्या, सुट्ट्यांची वाट पाहिली नाही, आणि माझं मनगट धरून मला बाहेर रस्त्यावर नेलं. रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्याचं नाव सांगून म्हणाल्या, लकव्याचा पेशंट आहे, हॉर्न वाजवत चला.

मी रिक्षात तोंड उघडायला हवं होतं. मला चांगलं माहीत होतं पापणी कशानं उतरलीय ते. म्हणजे पसरलेल्या औषधाचं मला आठवलं होतं, सदाशिवचे अंगठेही आठवले होते. एका वाक्याचं काम होतं. पण मी बोललो नाही. मनगट त्यांच्या हातात होतं, तसंच राहिलं. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि त्या सारख्या मला बोलतं ठेवत होत्या. सतरा नव्वे किती. मुलीचं नाव काय. तिचा नंबर कुठाय. मी मोबाइल दिला. त्यांनी माझ्या समोर ऋजुताला फोन लावला आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं की, तुमच्या वडिलांचं बरं नाही, चेहऱ्यावर लकव्याची लक्षणं दिसतायत, मी त्यांना मिरजेला दवाखान्यात नेतेय, तुम्ही निघा. पलीकडून ऋजुतानं आपण कोण असं विचारलं असणार, कारण बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मी त्यांच्यासोबत चहा घेत होते."

दवाखान्यात मला चाकाच्या खुर्चीत बसवलं, मग खाटेवर घेतलं. एक तरुण डॉक्टर आला. त्यानं डोळ्यात बॅटरी मारली, हातापायांची ताकद बघितली, दात दाखवा म्हणाला. मी दाखवले.

"आता भुवया वर करा."

मी होता नव्हता तेवढा जोर लावला.

"करा ना."

"केल्यात," मी म्हटलं.

तो गोंधळला. कपाळाला कपाळ लावल्यासारखा जवळ येऊन बघायला लागला. आठ्या घाला म्हणाला. मी मनातल्या मनात कमालीच्या आठ्या घातल्या. वरती काही पोचलं नाही. लकव्यात चेहऱ्याची एक बाजू जाते, पण याची तर दोन्ही बाजूंची कपाळपट्टी शांत, आणि बाकी माणूस खडखडीत, हे काय प्रकरण आहे ते त्याला कळेना. किती बोटं दिसतात असं त्यानं विचारलं. एक बोट होतं. मी दोन सांगितली. त्यानं काहीतरी लिहिलं आणि सीनियरना बोलवायला गेला. जाताना नर्सला म्हणाला की मेंदूच्या स्कॅनची तयारी करा.

खाटेभोवती हिरवा पडदा होता. पडद्याच्या पलीकडे एका बाईमाणसाचा नवा आवाज आला, त्या डॉ. इनामदार. त्या मगदूमबाईंना विचारत होत्या की आपण पेशंटच्या कोण. बाई म्हणाल्या ओळखीची. मग डॉक्टरनी विचारलं की हे केव्हा सुरू झालं, तुम्हाला काय दिसलं. बाईंनी सगळं शाळेतल्या अहवालासारखं सांगितलं. सांगून झालं असं मला वाटलं. पण त्या पुढं बोलल्या, आणि त्यांचा आवाज आता तसा राहिला नव्हता.

"आमच्या ह्यांचीही पापणी अशीच उतरली होती. तोंड जरासं वाकडं झालं होतं. ते म्हणाले थकवा आहे, पडतो जरा. मी त्यांच्या अंगावर चादर घातली." पर्सची चेन उघडून मिटल्याचा आवाज आला. "ह्यांना झोपू देऊ नका, एवढंच."

मी खाटेवर उठून बसलो.

डॉ. इनामदार पडदा सारून आत आल्या. पिकलेले केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. मागून मगदूमबाई. डॉक्टरनी माझी नाडी धरत विचारलं की कुठली औषधं चालू आहेत. मी रक्तदाबाची गोळी सांगितली. दुसरं काही, त्यांनी विचारलं. अलीकडे काही इंजेक्शन वगैरे.

"घेतलंय," मी म्हटलं. "स्कॅन नको डॉक्टर. बोटॉक्स घेतलंय."

"कुणी?"

"मी."

नर्स चटकन वळली आणि भिंतीवरचं चित्र नसलेलं कॅलेंडर फार लक्ष देऊन बघायला लागली. तरुण डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. डॉ. इनामदारांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या दोन भुवयांच्या मधे अंगठ्यानं हळूच दाबून बघितलं. कुठं घेतलं, केव्हा घेतलं, नंतर काय केलं, सगळं विचारलं. मी सदाशिवचंही सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा जितका स्थिर राहिला, तितका तर बोटॉक्स घेऊन माझाही राहिला नव्हता.

तरी त्यांनी सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली. नेत्रविभागातून डॉक्टर बोलावले, बुबुळांची हालचाल बघितली. मग म्हणाल्या की लकवा नाही. औषध पसरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलंय, आणि थोडं डोळा फिरवणाऱ्या स्नायूपर्यंतही, म्हणून दोन दिसतं. असं क्वचित होतं, पण होतं. औषधाचा असर काही आठवड्यांत आपोआप उतरेल. थेंब देते, तोवर गाडी चालवायची नाही आणि जिना बघून उतरायचा.

त्यांनी विचारलं म्हणून मी पुढच्या बेताचंही सांगितलं, नाकाच्या बाजूच्या घड्या भरण्याचं. तेव्हा मात्र त्या खाटेच्या कडेला बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "कोष्टीसाहेब, आज तुमची पापणी गेलीय, ती परत येईल. ती भरायची जेली चुकून रक्तवाहिनीत गेली तर तीच रक्तवाहिनी पुढं डोळ्याला रक्त नेते. ती तुंबली की डोळ्यातला उजेड जातो, आणि गेलेला बहुतेक परत येत नाही. लाखांत एखाद्याला होत असेल. पण त्यातला एक मी माझ्या हातानं तपासलाय. कुणी घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण जो सदाशिवकडे जाऊन कपाळ मळून घेतो, त्यानं घेऊ नये."

मी तिथंच क्लिनिकला फोन लावून ती वेळ रद्द केली. हे मी मगदूमबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात केलं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्या खाटेच्या पायथ्याशी पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरना दोनच प्रश्न विचारले. जिवाला धोका नाही ना. डोळा जाणार नाही ना. दोन्हींना नाही असं उत्तर मिळाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"रिक्षात सांगता आलं असतं तुम्हाला."

"आलं असतं."

त्या थांबल्या. मी आणखी काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. माझ्यापाशी बोलायला काही नव्हतं असं नाही, पण नर्स होती, तरुण डॉक्टर होता, आणि बाई अजूनही मला दोन दिसत होत्या. त्यातल्या कुणाच्या डोळ्यांत बघावं ते कळत नव्हतं. त्या निघून गेल्या. दोघीही.

ऋजुता आली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी. साताऱ्याहून येईपर्यंत तिनं वाटेत माझं सगळं औषधपाणी, फिजिओथेरपी, साताऱ्याच्या घरात मला ठेवायची खोली, सगळं मनात मांडून टाकलं होतं. मी तिला खरं सांगितलं. ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की तिला बाकावर बसावं लागलं. शेजारच्या पेशंटचे नातेवाईक तिला पाणी घेऊन आले. त्यांना वाटलं आमचा माणूस गेला.

हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं की त्या बाई कोण होत्या. मग तेही सांगावं लागलं. बेडगे, मंडळ, दोन नकार, सगळं. आता ती हसली नाही. बराच वेळ माझ्या शर्टाचं बटण चाचपत बसली आणि म्हणाली, "बाबा, डोळ्यापाशी सुया टोचून घेण्यापेक्षा मला सांगणं अवघड होतं का?"

होतं. पण तसं म्हणायचा धीर झाला नाही. ती म्हणाली की फोनवर त्या बाईंचा आवाज थरथरत होता, आणि तरी त्यांनी तिला गाडी हळू चालवा असं तीनतीनदा बजावलं.

पुढचे दिवस मी घरात काढले. ऋजुतानं डाव्या डोळ्याला पट्टी बांधली, त्यानं दोनाचं एक झालं. फिरायला गेलो तर पट्टी काढून जावं लागे, नाहीतर लोक मोतीबिंदूचं विचारत. आणि पट्टी काढली की समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईला मी डोळा मारतोय असं वाटे. आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या अध्यक्षा कुलकर्णीकाकू मला दोन दिवस टाळत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर शिरा पाठवला, तेव्हा मी घाबरून आप्पा चौगुल्यांना त्यांच्या घरी पाठवलं आणि सगळा खुलासा करवला. शिरा पुन्हा आला नाही.

पापणी उचलली गेली, दोन दिसायचं थांबलं, तसा मी मिरजेला गेलो. मगदूमबाईंचं घर एका शांत गल्लीत होतं, दारात जास्वंद. त्यांनी दार उघडलं आणि मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. आतापर्यंत मी ज्या दोन बायका पाहिल्या होत्या, त्यांच्यापैकी एकीशीही त्यांचं फारसं साम्य नव्हतं. केस जवळजवळ पांढरे होते, डाव्या गालावर देवीचा एक वण होता, आणि डोळे थकलेले आणि फार सरळ होते. मी पाठ करून आणलेली माफी म्हणून दाखवली. त्यांनी ती पूर्ण ऐकली.

"माफी मागताना तुमच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की औषध अजून पुरतं उतरलेलं नाही. पापणी सुटली, कपाळ अजून धरलेलं आहे.

"मग ते उतरल्यावर या. मला समोरच्याचा चेहरा वाचायची सवय आहे. कोऱ्या कागदाला मार्क देता येत नाहीत."

दार लागलं. मी परत आलो. तेव्हापासून रोज सकाळी आरशापुढं उभा राहून मी आठ्यांची वाट पाहायला लागलो. जगात असं वाट पाहणारा मी एकटाच असेन. ऋजुता फोनवर रोज विचारायची, आज काही. मी म्हणायचो, नाही, अजून गुळगुळीत आहे. मधल्या काळात ती आणि मगदूमबाई एकमेकींना फोन करत होत्या हे मला उशिरा कळलं. आधी तिनं आभार मानायला केला होता, मग बाईंनी तिच्या मुलाच्या गणिताची चौकशी करायला केला, आणि मग कारण लागेनासं झालं.

महिने गेले. एकदा दूधवाला पाणचट दूध घालून वर हुज्जत घालत होता. मी त्याला काही बोललोही नव्हतो, नुसतं बघितलं. तो बोलता बोलता थांबला, दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, साहेब, रागवू नका, उद्यापासून घट्ट घालतो. मी त्याला दारातच सोडून आरशाकडे धावलो. दोन उभ्या आठ्या, जुन्या जागी. मी बाहेर येऊन दूधवाल्याच्या पाठीवर थाप मारली. तो बिचारा आणखीनच घाबरला.

त्याच दुपारी मी मिरजेला गेलो. बाईंनी दार उघडलं आणि आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं. ऊन समोरून येत होतं, त्यामुळं तिथं जे काही होतं ते सगळं दिसत असणार.

"बोला," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात तुम्ही काहीतरी बोलायचं ठेवलं होतं."

मला वाटलं होतं की हे त्यांच्या लक्षात आलं नसेल. मी म्हटलं, "तुम्ही माझं मनगट धरलं होतं. प्रमिला गेल्यापासून मला असं धरून कुणी कुठं नेलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही हात सोडला असता."

त्यांनी दाराची कडी धरली होती ती तशीच धरून ठेवली. गल्लीतून एक सायकल गेली. माझं कपाळ काय करत होतं मला माहीत नाही, पण त्या ते वाचत होत्या, आणि वाचून व्हायला वेळ लागत होता.

"सोडला असता," त्या म्हणाल्या. "आणि रिक्षातून खालीही उतरवलं असतं."

मी म्हटलं, तेही बरोबरच झालं असतं.

"आमचे हे गेल्यावर मला वाटायचं, तेव्हा त्यांना ओढत नेलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला ओढत नेलं, तर तुम्ही निघालात असे." असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. मी घाबरलो. मग खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की त्या हसतायत. सगळं हसून झाल्यावर, डोळे पुसून त्या दारातून बाजूला झाल्या.

"आत या. उन्हात उभं राहून आठ्या वाढवू नका."

मी चपला काढल्या आणि आत गेलो. त्याला आता आठ वर्षं झाली. सांगलीचं घर भाड्यानं दिलंय.